गळाला ताजा मासा की फ्रीजरमधला?

खडकावरचा (धागाकर्ता)

मंडळी, गेली कित्येक वर्षं मी एकच गोष्ट छातीठोकपणे सांगत आलोय: आमिष ताजंच हवं, फ्रीजरमधलं म्हणजे नाइलाज. नवीन कुणी विचारलं की हेच सांगायचो, आणि सांगताना आवाज जरा चढाच असायचा. गेल्या शनिवारी अख्खी सकाळ मोकळी मिळाली, म्हणून म्हटलं एकदा ताडून तरी बघू. तेव्हापासून माझी पंचाईत झालीय.

दोन रॉड, एकाच जाडीची तंगूस, एकाच मापाचे गळ, शिसंही तेवढंच. एका गळाला त्याच पहाटे पकडलेला बांगडा, दुसऱ्याला पाच आठवड्यांपूर्वी फ्रीजरमध्ये टाकलेला बांगडा. दोन्हींच्या पट्ट्या कातडीसकट, बोटभर लांब. ओढ लागो न लागो, दर वीस मिनिटांनी दोन्ही आमिषं बदलायची. दर तासाला रॉडच्या जागांची अदलाबदल, नाहीतर 'डावीकडे खड्डा असेल' म्हणणारे इथे आहेतच.

चार तासांचा हिशेब वहीतून उतरवतोय. ताज्या पट्टीला ११ वेळा ओढ, ५ मासे. फ्रीजरवालीला १४ वेळा ओढ, २ मासे.

पुन्हा वाचा. ओढ फ्रीजरवालीला जास्त लागली! म्हणजे 'शिळ्याला मासा तोंड लावत नाही' हे माझं इतक्या वर्षांचं प्रवचन पाण्यात गेलं. तोंड लावतो, चांगलं लावतो, पण गळाला लागत नाही. रॉडचं टोक दोनदा थरथरतं, मी झटका मारतो, आणि वर येतो नुसता लखलखीत गळ.

एकदा ती पट्टी अर्ध्या वेळातच वर काढून निरखून बघितली. कातडी शाबूत होती. पण गळ जिथून आरपार गेला होता तिथे करंगळी जाईल एवढं भोक झालेलं, आणि मांस कातडीपासून सुटून ओल्या कापसासारखं लोंबत होतं. बोट लावलं तर पाकळ्या होऊन गळून पडलं. शेजारच्या ताज्या पट्टीवर बारक्यांच्या दातांच्या खुणा भरपूर होत्या, पण मांस कातडीला घट्ट धरून होतं.

प्रश्न असा, की हे गोठवण्यामुळेच होतं, की माझ्या गोठवण्यामुळे?

उलटा काटा

एका सकाळचा हिशेब म्हणजे पुरावा नव्हे, हे आधी नोंदवतो. ११ आणि १४ यात फरक आहे असं मी तरी म्हणणार नाही, नाणं उडवलं तरी एवढं इकडेतिकडे होतं. ५ आणि २ सुद्धा काठावरच. त्या भोकाचं वर्णन मात्र पटलं, ते डोळ्यांनी बघितलेलं आहे.

आता तीन प्रश्न. फ्रीजरमध्ये मासे कसे टाकले होते? बाहेर काढून सैल कसे केले, म्हणजे बर्फ कसा वितळवला? आणि फ्रीजरमध्ये जाण्याआधी ते किती वेळ बाहेर होते? ही उत्तरं मिळाल्याशिवाय तुम्ही 'फ्रोझन'ची नाही, स्वतःच्या सवयींची परीक्षा घेतलीत.

खडकावरचा

@उलटा काटा, लाज सोडून सांगतो. आठ बांगडे, एकाच पिशवीत, गाठ मारून, फ्रीजरच्या कोपऱ्यात. पकडल्यापासून घरी येईपर्यंत पाच-सहा तास बादलीत, बर्फ नव्हता. काढताना अख्खा गोळा निघाला, म्हणून नळाच्या पाण्याच्या बादलीत रात्रभर ठेवला.

तंगूस

नळाच्या पाण्यात रात्रभर??? 😀

काका, त्या बांगड्यांची गोड्या पाण्याची अंघोळ झाली, उटणं तेवढं राहिलं.

बर्फघर

मी मासळी गोठवण्याच्या कारखान्यात बरीच वर्षं काढली आहेत, तेव्हा थोडं लांबण लावतो. माफी असावी.

माशाच्या मांसात साधारण ७० ते ८० टक्के पाणी असतं, तेलकट माशात थोडं कमी. हे पाणी शून्याला गोठत नाही, कारण त्यात क्षार विरघळलेले असतात. उणे एकच्या आसपास बर्फ धरायला लागतो आणि उणे पाचपर्यंत बहुतेक पाण्याचा बर्फ झालेला असतो. सगळा खेळ या चार अंशांत आहे. हा टप्पा मासा झपाट्याने ओलांडून गेला, तर बर्फाचे कण बारीक राहतात आणि पेशींच्या आतच बसतात. रेंगाळला, तर थोडेच पण मोठाले स्फटिक होतात, पेशींच्या बाहेर वाढत जातात, आतलं पाणी ओढून घेतात आणि पेशींची आवरणं फोडतात. गोठलेलं असताना यातलं काहीच कळत नाही. बर्फ सुटला की फुटक्या पेशींतून पाणी वाहून जातं आणि मागे उरतं ते धागाकर्त्याने लिहिलेलं ओल्या कापसाचं प्रकरण.

कारखान्यात उणे ३० ते उणे ४० अंशांची जोरदार हवा माशावर सोडतात. घरचा फ्रीजर उणे १८ चा, आत हवा जवळजवळ स्थिर. त्यात आठ बांगड्यांचा गोळा म्हणजे मधल्या माशाला तो चार अंशांचा टप्पा ओलांडायला रात्र पुरली नसेल. बाहेरचे दोन मासे त्यातल्या त्यात बरे निघतात, मधले लगदा. पुढच्या वेळी एकाच पिशवीतला कडेचा आणि मधला मासा शेजारी ठेवून बोटाने दाबून बघा.

आणि फ्रीजर सारखा उघडला जात असेल तर आणखी एक होतं. तापमान थोडं वर जातं, थोडं खाली येतं, आणि दर खेपेला लहान स्फटिक विरून मोठ्यांना जाऊन मिळतात. म्हणजे नीट गोठवलेला मासासुद्धा हळूहळू वाईट गोठवल्यासारखा होत जातो.

नळाच्या पाण्याबद्दल: मांसात क्षार, बाहेर गोडं पाणी, मध्ये फुटक्या पेशी. गोडं पाणी आत शिरतं, चव बाहेर येते. रात्रभरात तुम्ही त्या बांगड्यांचा अर्क बादलीत काढला आणि सकाळी चोथा गळाला लावला.

उलटा काटा

@बर्फघर, हे झकास. पण मग एक कोडं सुटत नाही. अर्क बादलीत गेला असेल तर चोथ्याला १४ वेळा ओढ का लागली?

बर्फघर

अर्क गेला तरी सगळा जात नाही. आणि फुटक्या पेशींचा एक उलटा फायदाही आहे: जे काही उरलंय ते पाण्यात पडल्या पडल्या भसकन सुटतं. ताज्या मांसातून रस झिरपतो, गोठवून सैल केलेल्यातून तो ओघळतो. पहिली पाच-दहा मिनिटं फ्रोझन आमिषाचा वास जास्त पसरत असेल, यात मला नवल वाटत नाही. नंतर मात्र ते रितं होतं. @खडकावरचा, ओढ कधी लागली त्याची नोंद आहे का? पट्टी टाकल्यावर किती मिनिटांनी?

खडकावरचा

वेळा लिहिल्या आहेत! आत्ता वही काढून बघितली. फ्रीजरवालीच्या १४ पैकी १० ओढी पट्टी टाकल्यापासून पहिल्या आठ मिनिटांतल्या. ताज्याच्या ओढी वीस मिनिटांत सगळीकडे विखुरलेल्या.

अंगावर काटा आला राव.

उलटा काटा

हा आकडा मात्र मी नाणं उडवून आला असं म्हणणार नाही.

मिठागर

एवढा वेळ वाचत होतो, कुणी मिठाचं नाव काढेना. म्हणून लिहितो.

फ्रीजरमध्ये नुसता मासा टाकणं मी कधीच बंद केलंय. माझी पद्धत अशी: मासा ताजा असतानाच दोन्ही बाजूंच्या पट्ट्या काढायच्या, कातडी ठेवायची. कागद पसरून त्यावर जाड्या मिठाचा थर, त्यावर पट्ट्या कातडी खाली करून, वर पुन्हा मीठ. टेबलावरचं बारीक मीठ नको, ते वरच्या वर विरघळून पापुद्रा धरतं. दोन-तीन तासांत कागद चिंब होतो. तो फेकायचा, नवा कागद, नवं मीठ. रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. सकाळी पट्टी हातात घेतली तर ती चामड्याच्या पट्ट्यासारखी वाकते आणि कडेला किंचित पारदर्शक दिसते. मग जास्तीचं मीठ झटकून, डब्यात सुटी सुटी भरून फ्रीजरमध्ये.

गंमत अशी की ती तिथे दगड होत नाही. संपृक्त मिठाचं पाणी उणे २१ अंशांना गोठतं आणि घरचा फ्रीजर असतो उणे १८ चा. त्यामुळे पट्टीत राहिलेलं खारट पाणी बर्फ धरतच नाही म्हणा ना. डब्यातून काढली की लगेच गळाला, वाट बघणं नाही. उरलेली परत डब्यात टाकली तरी बिघडत नाही.

तोटाही सांगतो. खारवलेल्या पट्टीतला रस मिठाने आधीच ओढून घेतलेला असतो, त्यामुळे ताज्याइतका वास तिला नाही. शिवाय ती ताठ असते, पाण्यात ताज्या पट्टीसारखी लवलवत नाही. जो मासा डोळ्यांनी बघून झेप घेतो त्याला ती तितकीशी भावत नाही. तळाशी हुंगत फिरणाऱ्यांना, म्हणजे शिंगाळा, वाम, पाकट यांना काही फरक पडत नाही.

पहिलाच गळ

नमस्कार, मी अगदी नवीन आहे. एक बावळट प्रश्न विचारतो. आमिष जितकं जास्त वास मारेल तितकं चांगलं ना? मग थोडं कुजवूनच का नेत नाहीत लोक?

शिंपली

बावळट अजिबात नाही, हा प्रश्न मुरलेल्यांनाही पडतो.

आपल्या नाकाला जो 'मासळीचा वास' येतो तो बहुतांशी ट्रायमिथाइल अमाइनचा. समुद्री माशाच्या अंगात त्याचं बिनवासाचं मूळ रूप असतं, मासा मेला की जिवाणू त्याचं हे वासाचं रूप करतात. म्हणून वास जितका उग्र तितके जिवाणू कामाला लागलेले. गोड्या पाण्यातल्या माशांत ते मूळ द्रव्य फारसं नसतं, म्हणून त्यांचा वास वेगळा आणि सौम्य.

पण माशाला खायला प्रवृत्त करतात त्या दुसऱ्याच गोष्टी: अमिनो आम्लं, बीटेन, आणि स्नायूंतल्या ऊर्जेच्या साठ्यातून मेल्यानंतर तयार होणारं आयएमपी. यातल्या कशालाच आपल्या नाकाच्या लेखी फारसा वास नाही. आयएमपी मासा मेल्यानंतर काही तासांत वाढतं, बर्फात ठेवला तर काही दिवस टिकतं, मग हळूहळू मोडून त्याचं कडवट हायपोझँथिन होतं. म्हणजे आपल्याला वास यायला लागतो तेव्हा माशाच्या जिभेवरचा चांगला भाग ओसरायला लागलेला असतो.

याला अपवाद आहेत. शिंगाळ्याच्या जातीतले मासे आणि खेकडे नासकंही आवडीने खातात. शिंगाळ्याला तर अंगभर, मिशांवर, अगदी शेपटीपर्यंत चव कळणारी केंद्रं असतात. त्यांच्यासाठी कुजकं न्यायचं तर खुशाल न्या. पण कुजकं मांस गळावर टिकत नाही, परत तोच प्रश्न.

तळ्याकाठी

सगळे समुद्रावर बोलताहेत, म्हणून गोड्या पाण्याचं थोडं. थंड देशांतल्या तळ्यांत पाइक नावाचा मोठा शिकारी मासा मारणारे लोक पिढ्यानपिढ्या गोठवलेले अख्खे समुद्री मासेच गळाला लावतात: तारली, बांगडा, स्मेल्ट. तारलीचं मांस इतकं मऊ आणि पोट इतकं नाजूक, की सैल झालेली तारली लांब फेकली तर हवेतच गळावरून सुटून एकीकडे जाते आणि शिसं दुसरीकडे. म्हणून ते ती अर्धी गोठलेली असतानाच फेकतात. फेकताना कडक असते, तळाशी बसून आरामात सैल होते आणि तेल सोडत राहते. गोठलेलं असणं हा इथे दोष नाहीच, त्याच्यामुळेच तर ती फेकता येते.

नेताना थर्मासमध्ये नेतात. मी पण नेतो. घरात त्या थर्मासमध्ये आता कुणी चहा भरत नाही, ही वेगळी गोष्ट.

तंगूस

@तळ्याकाठी 😀😀 आमच्याकडे आइसक्रीमचा डबा. मुलांचा विश्वास कायमचा उडालाय.

बरं, कामाचं बोलतो. @खडकावरचा, तुमचा अर्धा आजार इलॅस्टिकच्या दोऱ्याने बरा होईल. बारीक, केसाएवढा, खास आमिष बांधायचा मिळतो. गाठ मारायची नाही, हे महत्त्वाचं. पट्टी गळावर चढवायची, गळाचं टोक आणि काटा उघडा ठेवायचा, मग दोऱ्याचं टोक अंगठ्याखाली दाबून गळाच्या दांड्यापासून खाली पट्टीभोवती ओढून ताणत गुंडाळायचं. १०-१५ वेढे. शेवटी जोरात ताणून तोडायचा, टोक आपोआप वेढ्यांत रुतून बसतं. खालचा अर्धा इंच मोकळा सोडायचा म्हणजे तो पाण्यात हलतो. पट्टी वरून रुंद, खाली निमुळती कापायची, आणि गळ मधोमध टोचायचा. एका कडेला टोचला तर ओढताना पट्टी भिंगरीसारखी फिरते आणि तंगुशीला पीळ बसतो.

आणि एक, वेढे जास्त झाले की आमिषाचं बँडेज होतं. मग वास बाहेर यायलाही जागा नाही.

उलटा काटा

इलॅस्टिकने मांस टिकेल, मान्य. पण मग तुम्ही आमिष वीसऐवजी चाळीस मिनिटं पाण्यात ठेवाल, आणि बर्फघर म्हणतात त्याप्रमाणे ते आठव्या मिनिटालाच रितं झालेलं असेल. रितं आमिष छान बांधून ठेवण्यात काय हशील?

तंगूस

हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

बर्फघर

दोघांचंही बरोबर. फ्रोझन आमिष बांधायचं, आणि तरीही ताज्यापेक्षा लवकर बदलायचं. माझ्या मते दहा-बारा मिनिटं. आमिषाची कंजुषी करण्यापुरतं कुणीच इतका लांब आलेलं नसतं.

कुठला मासा कसा गोठतो यावरही बोलायला हवं. बांगडा-तारलीसारख्या तेलकट माशांचं तेल फ्रीजरमध्येही हवा लागली की खवट होतं. थंडीने ते थांबत नाही, फक्त मंदावतं. कातडीखालचा भाग पिवळट-तांबूस दिसायला लागला की समजायचं. म्हणून तेलकट मासा दोन-तीन महिन्यांच्या आत संपवा. कमी तेलाचा मासा त्याच्या दुपटीने टिकतो. कॉडच्या जातीच्या माशांची वेगळीच तऱ्हा. त्यांच्या अंगातलं एक विकर गोठलेल्या अवस्थेतही काम करत राहतं आणि फॉर्माल्डिहाइड तयार करतं. त्याने मांस मऊ न पडता उलट कोरडं, चिवट, स्पंजासारखं होतं.

माकूल (स्क्विड) सगळ्यांत सोशिक. तिचं मांस म्हणजे आडव्याउभ्या विणलेल्या चिवट तंतूंची चादर, बर्फाने थोडी नरम पडते एवढंच. गोठवा, सैल करा, काहीच फरक जाणवत नाही. फ्रोझन विरुद्ध ताजं हा वाद माकुलीला लागूच नाही असं मी म्हणेन. कोळंबी याच्या उलट, डोक्यातल्या विकरांनी ती काळी पडते आणि डोकं सैल होऊन निखळतं. गोठवायची तर पकडल्याबरोबर.

शिंपली

बर्फघर, कोळंबीचा विषय काढलात म्हणून एक नाजूक मुद्दा मांडते. गोठवलं म्हणजे सगळं निर्जंतुक झालं असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. कित्येक विषाणू फ्रीजरमध्ये मजेत राहतात.

२०१६ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या लोगन नदीकाठच्या कोळंबी प्रकल्पांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग शिरला. माणसाला त्याचा काही त्रास नाही, पण कोळंबीची तळीच्या तळी साफ होतात. खायला म्हणून परदेशातून आलेली कच्ची गोठवलेली कोळंबी कुणीतरी गळाला लावली असावी, हा संशयित मार्गांपैकी एक होता. तेव्हापासून तिथे खाण्यासाठी विकलेली कोळंबी आमिष म्हणून वापरू नका असं सतत सांगितलं जातं. त्याच देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर १९९५ आणि १९९८ मध्ये तारलीच्या जातीचे मासे एका हर्पीस विषाणूने प्रचंड संख्येने मेले. तेव्हाही बोट आयात केलेल्या गोठवलेल्या माशांकडेच दाखवलं गेलं, मात्र ते सिद्ध झालं नाही.

तेव्हा दुसऱ्या पाण्यातून आलेलं गोठवलेलं आमिष उरलं तर ते पाण्यात भिरकावू नका. 'मासेच खातील, वाया कशाला' हा विचार मनात येतो, मला माहितेय. पिशवीत भरून परत न्या. जमेल तोवर ज्या पाण्यात गळ टाकणार त्याच पाण्यातला मासा आमिषाला वापरा.

पहिलाच गळ

बापरे. मी परवाच उरलेलं सगळं पाण्यात टाकून आलो.

शिंपली

तिथलाच मासा होता ना? मग चालतंय. 🙂

पहिलाच गळ

हो, तिथलाच. हुश्श. अजून एक, आमिष म्हणून सैल केलेला बांगडा उरला तर घरी खाल्ला तर चालतो का?

बर्फघर

नाही, नाही, नाही. बांगडा, टूना, तारली यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर. उन्हात दोन-चार तास राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि ते शिजवून जात नाही, गोठवूनही जात नाही. दिसायला मासा ठीकठाक असतो, खाल्ल्यावर चेहरा लाल, अंगावर गांधी, डोकं ठणकतं. आमिषाचा डबा आणि जेवणाचा डबा यांची गाठ पडू देऊ नका. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.

तळ्याकाठी

यावर अनुभव: माझ्या डब्यावर लिहिलेलं होतं, पण फ्रीजरमधल्या ओलाव्याने शाई पसरली. पुढचं सांगत नाही. सगळे सुखरूप आहेत. आता पेन्सिलीने लिहिलेला कागद पिशवीच्या आत टाकतो, तारखेसकट.

मिठागर

सैल करण्याबद्दल कुणी नीट लिहिलं नाही, म्हणून. निघायच्या आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, चाळणीवर, खाली ताटली. सुटलेलं पाणी मासा परत पिऊ नये म्हणून चाळणी. घाई असेल तर पिशवीसकट समुद्राच्या पाण्यात बुडवा, पिशवीचं तोंड बंद. उन्हात ठेवू नका, बाहेरून नासतं आणि आत बर्फ राहतो. आणि एकदा सैल झालेला बिनमिठाचा मासा परत गोठवायचा नाही. एकदा फुटलेल्या पेशी दुसऱ्यांदा काय फुटणार म्हणाल, पण उरल्यासुरल्या असतात त्याही जातात.

खडकावरचा

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलोय. वही घेऊन.

या वेळी मासे पकडल्याबरोबर मान मोडून रक्त काढलं, समुद्राच्या पाण्यात बर्फ कालवून त्यात ठेवले. घरी आल्यावर पट्ट्या काढल्या. निम्म्या तशाच, प्लास्टिकच्या पातळ कागदात एकेक गुंडाळून, हवा दाबून काढून, थंडगार स्टीलच्या ताटात एकमेकींना न टेकता मांडल्या आणि ताट फ्रीजरच्या तळाला. दोन तासांत काचेसारख्या टणक झाल्या. निम्म्या मिठागर यांच्या पद्धतीने. पंधरा दिवस ठेवल्या.

काल तीन रॉड. पहाटे पकडलेला ताजा बांगडा, सुटा गोठवलेला, आणि खारवलेला. चाळणीवर सैल केले. या वेळी आमिष दर बारा मिनिटांनी बदललं. इलॅस्टिक मुद्दाम वापरलं नाही, नाहीतर उलटा काटा म्हणतील की कशाने काय झालं ते कळत नाही.

ताजा: १२ ओढी, ५ मासे. सुटा गोठवलेला: १३ ओढी, ५ मासे. खारवलेला: ७ ओढी, ४ मासे.

खारवलेल्याला ओढ कमी, पण जे लागलं ते सुटलं नाही. एकाच पट्टीवर तर लागोपाठ दोन मासे निघाले, दुसऱ्या खेपेला मी ती बदललीसुद्धा नव्हती. चारपैकी तीन शिंगाळे. तांबोशी मात्र एकदाही तिच्याकडे फिरकली नाही, लागली ती ताज्या आणि गोठवलेल्या पट्टीलाच.

सुट्या गोठवलेल्या पट्टीचं भोक मुद्दाम बघितलं. बारा मिनिटांनी काढली तेव्हा भोक काडेपेटीच्या काडीएवढं. मांस बोटाने दाबलं तर दबून परत वर आलं. ताज्याइतकं पटकन नाही, पण आलं.

बर्फघर

ते परत वर येणं वाचून बरं वाटलं. स्टीलच्या ताटाची युक्ती छान, धातू उष्णता झटकन ओढतो. ताट आधीच तासभर फ्रीजरमध्ये ठेवलं तर आणखी फरक पडेल.

उलटा काटा

दोन सकाळी झाल्या, अजूनही आकडे लहानच आहेत. तरी एवढं म्हणतो की पहिल्या शनिवारी तुम्ही ताज्याची तुलना फ्रोझनशी केलीच नव्हती. सहा तास बादलीत तापलेल्या, मग लगदा झालेल्या, मग धुतलेल्या बांगड्याशी केली होती.

आता तारलीवर करून दाखवा. बांगडा सोशिक आहे, तारलीचं पोट हातात धरलं तरी फाटतं. तिथे पट्ट्या काढता येणार नाहीत, अख्खीच गोठवावी लागेल.

खडकावरचा

तारल्या कालच ताटात मांडल्यात. वीस नग, एकेक, सुट्या. कागदावर तारीख पेन्सिलीने.